जर्मनीतलं मूळ गाव शोधताना : आडनावापासून चर्चच्या वहीपर्यंत

अमेरिकेतल्या मराठी घरांत हल्ली हा प्रश्न वरचेवर निघतो. सून किंवा जावई तिकडचे, त्यांचे कोणी खापरपणजोबा 'जर्मनीहून आले' एवढंच घरात माहीत, आणि नातवंडाला शाळेतून वंशवृक्ष करून आणायला सांगितलेला. आपल्या बाजूला कुलवृत्तांत असतो, फोनवर आत्या-काका असतात. संध्याकाळभरात पाच-सात पिढ्या कागदावर येतात. दुसरी बाजू मात्र एकाच नावाशी येऊन थांबते. त्या थांबलेल्या बाजूसाठी हा लेख आहे. जर्मन येत नसेल तरी चालेल, चिकाटी मात्र हवी.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: गावाचं नाव हातात येईपर्यंत जर्मनीतल्या नोंदींना हात लावू नका. नवखी माणसं नेमकं उलटं करतात. वेबसाइट उघडायची, आडनाव टाकायचं, शेकड्यांनी योहान म्युलर समोर आले की साल जुळणारा एक उचलायचा. मग कुणा भलत्याचेच आजे-पणजे आपल्या झाडाला लटकतात, आणि ते झाड दुसरे दहा जण उतरवून घेतात.

असं का होतं? १८७१ पर्यंत जर्मनी नावाचा एकसंध देशच नव्हता. प्रशिया, बव्हेरिया, वुर्टेम्बर्ग, बाडेन, हानोफर, हेसेन अशी लहानमोठी राज्यं होती आणि जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायचं काम त्या त्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या गावांच्या, धर्मगुरूचं. सरकारी नोंदणी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ला सुरू झाली, सगळ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ला. ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीरावर फ्रेंच अमलामुळे ती १७९८पासूनच होती, पण तो अपवाद. म्हणजे १८४०-५०च्या दशकांत किंवा अगदी १८८५मध्ये बोटीत बसलेल्या तरुणाचाही जन्म बहुधा चर्चच्या वहीतच सापडणार, आणि वह्या गाववार. त्र्यंबकेश्वरला नामावळ पाहायला गेलं की तीर्थोपाध्याय आधी 'मूळ गाव कुठलं?' विचारतात, तसंच हे. गाव सांगता आलं तर वही उघडते, नाही तर नाही.

आधी चार गोष्टी जमवा

माणसाचं मूळ जर्मन नाव, जन्माचं साधारण साल, धर्मपंथ आणि गाव. पंथाला नवखे लोक किंमत देत नाहीत, पण एकाच गावात कॅथलिकांची वही वेगळी, लुथरनांची वेगळी, कधी रिफॉर्म्डांची (लुथरनांसारखाच हाही एक प्रोटेस्टंट पंथ) आणखी तिसरी. ज्यू कुटुंबांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी काही राज्यांत ख्रिस्ती धर्मगुरूच ठेवत असत; ते माहीत नसलं की माणूस भलत्या कपाटात शोधत बसतो. अमेरिकेत कुटुंब कुठल्या चर्चला जात होतं त्यावरून पंथाचा अंदाज येतो, पण लग्नानंतर पंथ बदललेलेही पुष्कळ. त्यामुळे सगळ्यात जुनी नोंद धरा.

नावाचं म्हणाल तर श्मिट्चा स्मिथ, म्युलरचा मिलर, श्वार्ट्सचा ब्लॅक, त्सिमरमानचा कार्पेंटर झालेला असतो. 'एलिस आयलंडच्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं' ही गोष्ट प्रत्येक घरात सांगतात; ती सोडून द्या. तिथले कारकून बोटीवरून आलेल्या यादीवरच खुणा करत, नवं नाव देत नसत. शिवाय एलिस आयलंड हे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांचं तपासणी केंद्र सुरू झालं १८९२मध्ये. १८५५ ते १८९० या काळात न्यूयॉर्कला आलेली माणसं कॅसल गार्डन या आधीच्या केंद्रातून आत आली. आडनावं बदलली ती नंतर, शेजारी, शिक्षक, मालक आणि स्वतः ती माणसं यांच्या सोयीने. पहिलं नावही बदलतं. जीन्सवाले लीवाय स्ट्रॉस बव्हेरियातल्या बुटेनहाइम गावात १८२९मध्ये जन्मले तेव्हा त्यांचं नाव ल्योब होतं. १८४७मध्ये ते आईबरोबर न्यूयॉर्कला आले. बुटेनहाइमच्या कागदांत 'लीवाय' शोधणाऱ्याला काय मिळणार?

गावाचं नाव अमेरिकेतच दडलेलं असतं

सुरुवात घरापासून. जुनं जर्मन बायबल, त्याच्या पहिल्या पानांवरची जन्मतारखांची यादी, बाप्तिस्म्याचं किंवा दृढीकरणाचं (कन्फर्मेशनचं) सर्टिफिकेट, सैन्यातून सुटल्याचा कागद, पत्रांच्या पाकिटांवरचे शिक्के. जुन्या फोटोची मागची बाजू नक्की पाहा. पुठ्ठ्यावर फोटोग्राफरचं नाव आणि शहर छापलेलं असतं. ते शहर म्हणजे मूळ गाव नव्हे, पण त्या गावाहून बाजाराला जायचं ठिकाण तेच असण्याची शक्यता मोठी.

मग अमेरिकेतल्या जर्मन चर्चच्या वह्या. माझ्या मते सगळ्यात भरवशाचा धागा हाच. तिथला धर्मगुरू स्वतः जर्मन. मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना तो 'जन्म अमुक गावी, अमुक राज्यात' असं सवयीने लिहायचा, आणि गावाच्या नावाचं स्पेलिंग त्याला येत असे. सरकारी कारकुनाने त्याच माणसाच्या पुढे नुसतं 'जर्मनी' लिहून मोकळं व्हायचं. म्हणून मृत्यूचा दाखला मिळाला की थांबू नका, त्याच माणसाची चर्चमधली दफनाची नोंद काढा. तीही मूळ वहीत पाहा, कारण कुणी टाइप करून काढलेल्या यादीत गावाचा रकाना बहुतेक वेळा गाळलेला असतो. चर्च बंद पडलं असेल तर त्याच्या वह्या त्या पंथाच्या दप्तरखान्यात गेलेल्या असतात. शेजारच्या चालू चर्चमध्ये विचारलं तर पत्ता लागतो.

त्याखालोखाल जर्मन भाषेतली अमेरिकन वर्तमानपत्रं. सेंट लुइस, सिनसिनाटी, मिलवॉकी, न्यूयॉर्क अशा शहरांत ती दशकानुदशकं निघत होती. इंग्रजी पेपरात दोन ओळींत आटोपलेली निधनवार्ता जर्मन पेपरात गावासकट असते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिका या साइटवर यातली बरीच फुकट वाचता येतात.

सरकारी कागदांची किंमत कागदागणिक वेगळी. नागरिकत्वाचे अर्ज सप्टेंबर १९०६नंतरचे असतील तर सोनं, कारण तेव्हापासून छापील नमुन्यात जन्मगाव विचारू लागले. त्याआधीच्या अर्जांत बहुधा 'प्रशियाच्या राजाची निष्ठा सोडली' एवढंच. लष्करी नोंदणीपत्रंही पाहा. जून १९१७च्या पत्रात जन्मस्थळ विचारलेलं आहे, आणि १९४२मध्ये उतारवयाच्या पुरुषांची जी नोंदणी झाली तिच्यातही. जनगणनेतून गाव मिळत नाही, फक्त राज्य मिळतं, पण कामाच्या गोष्टी मिळतात: १८५०पासून प्रत्येकाचं जन्मस्थान, १८८०पासून आईबापांचंही, १९००मध्ये अमेरिकेत आल्याचं साल. १८९०ची शोधत बसू नका, ती १९२१च्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ सगळी गेली.

जनगणनेतल्या राज्याच्या नावांनी मात्र भले भले फसतात. 'डार्मश्टाट' लिहिलं म्हणजे ते शहर असं नाही, हेसेन-डार्मश्टाट हे अख्खं राज्य असू शकतं. 'हानोफर' आणि 'बाडेन'चंही तेच. 'प्रशिया' तर फ्रान्सच्या बाजूपासून रशियाच्या सीमेपर्यंत पसरलेला. सगळ्यात फसवं 'बव्हेरिया'. लोक म्युनिकच्या आसपास शोधत बसतात आणि माणूस निघतो फाल्त्सचा, म्हणजे ऱ्हाइनपलीकडच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखातला, जो १८१६पासून बव्हेरियाच्या राजाकडे होता. डोनाल्ड ट्रंप यांचे आजोबा फ्रीडरिश त्याच मुलखातल्या कालश्टाटचे. सोळाव्या वर्षी, १८८५मध्ये, ते अमेरिकेला गेले. पुढे पैसे मिळवून परत गावी राहायला आले, तर लष्करी सेवा चुकवली म्हणून बव्हेरियाच्या सरकारने त्यांना ठेवून घेतलं नाही. अशा प्रकरणांच्या फायली होतात, आणि फायली टिकतात.

एकट्या माणसाच्या मागे लागू नका

याच कालश्टाटहून केचपवाल्या हाइन्झ यांचे वडीलही गेले, ट्रंप यांच्या बऱ्याच आधी, १८४०मध्ये. ही माणसं एकेकटी उठून जात नसत. आधी एक जातो, पत्र लिहितो, मग मेव्हणा, मग चुलतभाऊ, मग अर्धी गल्ली. ओहायोतल्या एखाद्या खेड्यात शेजारीशेजारी शेती करणारी पाच घरं जर्मनीतल्याही एकाच गावची निघतात.

म्हणून आपल्या माणसाच्या नोंदीत गाव नसेल तर आजूबाजूच्यांची नोंद काढा. त्याच्या मुलांचे धर्ममाता-धर्मपिता कोण? लग्नाला साक्षीदार कोण? नागरिकत्वाच्या अर्जावर सही कुणाची? बोटीच्या यादीत त्याच्या वर-खाली कुणाची नावं? दफनभूमीत शेजारी कोण? पाच-सहा नावं निघतील. त्यांच्यापैकी एखाद्याच्या निधनवार्तेत गाव छापलेलं असतं. थोरली बहीण सगळ्यात उपयोगी. ती उशिरा वारली असेल तर तिचे कागद नव्या, सविस्तर नमुन्यातले असतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच लोक टाळतात, पण कोंडी फुटते ती बहुतेक इथेच.

बंदरांच्या याद्या

हांबुर्गहून सुटलेल्या बोटींच्या याद्या १८५० ते १९३४ या काळातल्या टिकल्या आहेत आणि त्यांत शेवटचं राहण्याचं ठिकाण दिलेलं असतं. याद्यांचे दोन संच आहेत: थेट अमेरिकेला जाणाऱ्या बोटींचा एक, आणि इंग्लंडमार्गे जाणाऱ्यांचा दुसरा. पहिल्यात नाव नाही म्हणून हार मानू नका, दुसरा पाहा. ब्रेमेनच्या याद्यांची कहाणी दुःखाची. जागा नाही म्हणून जुन्या याद्या तिथल्या कचेरीनेच नष्ट केल्या, उरलेल्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. हातात आहेत त्या १९२० ते १९३९च्या. आणि नैर्ऋत्येकडची, म्हणजे बाडेन, वुर्टेम्बर्ग, फाल्त्सची कितीतरी माणसं फ्रान्सच्या ल हाव्र बंदरातून गेली. ती जर्मन याद्यांत मुळात नाहीतच.

या नैर्ऋत्येकडच्यांसाठी दुसरा रस्ता आहे. देश सोडायला परवानगी लागे. कर्ज फेडलंय, कुणाचं देणं नाही असं दाखवावं लागे. ते अर्ज सरकारी दप्तरात राहिले. बाडेन-वुर्टेम्बर्गच्या राज्य अभिलेखागाराची स्थलांतरितांची यादी नेटवर फुकट शोधता येते. अर्थात रात्रीतून पळालेल्यांचे अर्ज नाहीत, आणि पळालेले काही कमी नव्हते.

एवढं करूनही गाव नाही आणि आडनाव जरा दुर्मीळ आहे? मग पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या हताहतांच्या याद्या पाहा. काँपगेन या हौशी संशोधकांच्या संस्थेने त्या शोधता येतील अशा करून ठेवल्या आहेत. नावापुढे गाव असतं. १९१४मध्ये ते आडनाव कुठल्या तालुक्यात दाटीने होतं ते कळतं. हा पुरावा नव्हे, नुसती दिशा. पण दहा राज्यांवरून दोन तालुक्यांवर येणं काही थोडं नाही. डीएनए चाचणीचा उपयोग जवळपास एवढाच: नात्यातलं कोणी दुसऱ्या फांदीवरचं निघालं आणि त्याच्या घरात गावाचं नाव टिकलेलं असलं, तर.

नाव मिळालं, आता नकाशावर बसवा

कागदावरचं नाव जसंच्या तसं खरं मानू नका. बोलीत ब आणि प, ड आणि ट, ग आणि क एकमेकांत मिसळतात, त्यावर अमेरिकन कान. नाव मोठ्याने वाचा आणि कसकसं ऐकू आलं असेल ते लिहून काढा.

मग मायर्सचा गॅझेटियर उघडा. १९१२च्या आसपासच्या आवृत्तीत साम्राज्यातली वाड्या-वस्त्यांसकट गावं आहेत, आणि नेटवर ती शोधता येते, अक्षरं सुटली तरी त्यांच्या जागी तारा (*) टाकून. एकाच नावाची गावं डझनावारी निघतात, श्टाइनबाख, नॉयकिर्शन, हाउझेन ही तर कुठेही. तेव्हा राज्य आणि जिल्हा जुळवून निवडा. प्रत्येक गावापुढे लोकसंख्या, तालुका, न्यायालय, सरकारी नोंदणी कचेरी कुठे, आणि चर्च कुठल्या पंथाचं आहे हे आखूड खुणांत लिहिलेलं असतं.

इथे थांबून एक पाहा: गावात चर्च आहे का? लहान वस्तीला स्वतःचा धर्मगुरू नसे. त्यांचे बाप्तिस्मे दोन-तीन मैलांवरच्या मोठ्या गावी होत, आणि वही त्या गावाच्या नावाने असते. मायर्सच्या साइटवर आसपासच्या धर्मग्रामांची अंतरासकट यादी मिळते, कॅथलिक कुठले, प्रोटेस्टंट कुठले यासह. 'आमच्या गावाच्या वह्याच नाहीत' अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी ही यादी पाहिलेली नसते.

वह्या कुठे मिळतात

प्रोटेस्टंट असेल तर आर्खिओन. २०१५मध्ये सुरू झालेली, पैसे भरून वापरायची साइट. पैसे भरण्याआधी आपल्या धर्मग्रामाच्या कुठल्या वर्षांच्या वह्या चढवल्या आहेत ते फुकट पाहता येतं. ते पाहूनच महिन्याभराची वर्गणी घ्या, आणि त्या महिन्यात दुसरी कामं ठेवू नका.

कॅथलिक असेल तर माट्रिकुला, पूर्ण फुकट. पासाउ, रेगेन्सबुर्ग, आउग्सबुर्ग, म्युन्स्टर, पाडरबोर्न अशा धर्मप्रांतांच्या वह्या तिथे आहेत. प्रत्येक धर्मप्रांत तिथे नाही.

बाडेनच्या लोकांचं नशीब बरं. तिथे १८१० ते १८७० या काळात धर्मगुरूंना प्रत्येक वहीची दुसरी प्रत सरकारात द्यावी लागे, आणि त्या प्रती राज्य अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहेत, सगळ्या पंथांच्या. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर जुन्या मायक्रोफिल्मचा मोठा साठा आहे. त्यातलं काही घरबसल्या दिसतं, काही फक्त त्यांच्या केंद्रांत किंवा संलग्न लायब्ररीत जाऊन. शोधताना व्यक्तीचं नाव टाकू नका, कॅटलॉगमध्ये गावाचं नाव टाका. वह्यांची नावनिशीवार यादी पुष्कळदा झालेलीच नसते, पानं एकेक करून पाहावी लागतात.

पूर्व प्रशिया, पोमेरानिया, सिलेसिया हे मुलूख आता मुख्यतः पोलंडमध्ये आहेत. तिथल्या उरलेल्या वह्या पोलिश सरकारी अभिलेखागारांत, काही बर्लिन आणि लाइप्त्सिशला. पोलंडच्या अभिलेखागारांची साइट फुकट आहे, फक्त गावाचं आजचं पोलिश नाव शोधून ठेवा.

अक्षर लागायला वेळ द्या

पहिलं पान उघडल्यावर बहुतेक जण घाबरून बंद करतात. जर्मन वह्या कुरेंट नावाच्या जुन्या वळणात लिहिलेल्या, आणि हे वळण आज सामान्य जर्मन माणसालाही लागत नाही. त्यामुळे 'ऑफिसातल्या जर्मन मित्राला दाखवतो' याने काम होणार नाही. मोडी वाचलेल्यांना हा अनुभव नवा नाही. इंग्रजी 'ई' इथे दोन उभ्या रेघांचा, थेट 'एन'सारखा दिसतो. 'यू' ओळखायचा डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. 'एच'ला वर आणि खाली दोन्हीकडे फास. 'एस' दोन प्रकारचे, त्यातला लांब शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येतो. 'एम' किंवा 'एन'वर आडवी रेघ असेल तर ते अक्षर दोनदा वाचायचं.

अक्षरांचा तक्ता समोर ठेवून आपलं आडनाव आधी स्वतः त्या वळणात पंचवीस वेळा लिहा. हात बसला की डोळा बसतो. मग त्या धर्मगुरूच्या हस्ताक्षरात आपल्याला आधीच माहीत असलेले शब्द शोधा: महिन्यांची नावं, गावाचं नाव, 'योहान', 'मारिया'. त्यांतून त्याची अक्षरं ओळखीची होतात. यंत्राने हस्ताक्षर वाचणारं ट्रान्सक्रिबुस वापरायला हरकत नाही, पण नेमकी नावं तेच चुकवतं. धर्मगुरू बदलला की हस्ताक्षर बदलतं, आणि सगळं पुन्हा.

कॅथलिक वह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात. तिथे अक्षर सोपं. 'नाटुस' जन्मला, 'बाप्टिझाटुस' बाप्तिस्मा झाला, 'कोपुलाती' लग्न लागलं, 'सेपुल्टुस' पुरला, 'पात्रिनी' धर्ममाता-पिता. नावंही लॅटिन होतात: विल्हेल्मचा गुलिएल्मुस, लुडविगचा लुडोविकुस, कार्लचा कारोलुस.

एक नोंद जवळून पाहू. समजा, अमेरिकेतल्या थडग्यावर लिहिलंय: मृत्यू १४ मार्च १८९१, वय ६२ वर्षं ४ महिने ९ दिवस. मागे मोजत जा: ६२ वर्षं वजा केली की १४ मार्च १८२९, चार महिने वजा केले की १४ नोव्हेंबर १८२८, नऊ दिवस वजा केले की ५ नोव्हेंबर १८२८. आता बाप्तिस्म्याच्या वहीत १८२८चं साल काढा. एकोणिसाव्या शतकातल्या वह्या बहुधा रकान्यांच्या: अनुक्रमांक, जन्माचा दिवस आणि तास, बाप्तिस्म्याचा दिवस, बाळाचं नाव, बापाचं नाव-धंदा-गाव, आईचं नाव, धर्ममाता-पिता. तारखेच्या जागी '५' आणि त्यापुढे '९'चा आकडा आणि 'बर' असं काहीतरी दिसेल. नवखा माणूस नऊ म्हणजे सप्टेंबर म्हणतो आणि 'दोन महिन्यांचा फरक आहे, हा आपला नव्हे' म्हणून पान उलटतो. तो नोव्हेंबर आहे! जुन्या रोमन वर्षाच्या हिशेबाने ७बर सप्टेंबर, ८बर ऑक्टोबर, ९बर नोव्हेंबर, १०बर डिसेंबर.

पुढचा रकाना: 'योहान गेओर्ग'. हाक मारायचं नाव बहुधा दुसरं, गेओर्ग. त्याचे तिन्ही भाऊही योहानच असतील, योहान पेटर, योहान आडाम, योहान फिलिप. अमेरिकेत तो जॉर्ज झाला असणार, जॉन नव्हे. आईच्या नावानंतर 'गेबोरने' असेल तर पुढचं नाव माहेरचं. जुन्या नोंदींत बाईच्या आडनावाला शेवटी 'इन' लागतो, श्मिट्ची बायको-मुलगी श्मिट्इन. तो काढून टाका, आडनाव वेगळं नाही. समास पाहायला विसरू नका. तिथे छोटा क्रूस काढला असेल तर बाळ गेलं. आणि नंतरच्या कुणा धर्मगुरूने वेगळ्या शाईत 'नाख अमेरिका' खरडलं असेल, म्हणजे 'अमेरिकेला', तर त्या दिवशी पेढे वाटा. वुर्टेम्बर्गमध्ये १८०८पासून चर्चं कुटुंबवार वही ठेवू लागली. आईबाप आणि सगळी मुलं एका पानावर, आणि अशा टिपा तिथेच जास्त सापडतात.

वेस्टफालियात आणखी एक गुंता आहे: तिथे आडनाव शेताला चिकटलेलं. घरजावई झालेला माणूस सासऱ्याच्या शेताचं नाव घेई, मुलांनाही तेच. दोन नावांच्या मध्ये 'गेनान्ट', म्हणजे 'उर्फ', असं दिसलं तर दोन्ही टिपून ठेवा.

हा तोच का?

नाव जुळलं, साल जुळलं, गाव जुळलं. तरी थांबा. एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायची रीत होती. तेव्हा सापडलेल्या बाळाचा मृत्यू तर नोंदलेला नाही ना, हे दफनाच्या वहीत पुढची दहा वर्षं तरी पाहा. मग दृढीकरणाची वही, प्रोटेस्टंटांत साधारण चौदाव्या वर्षी. तिथे तो असला पाहिजे. मग त्याच गावात त्याचं लग्न, मुलं, वृद्धापकाळी मृत्यू असं काही तर नाही ना? असेल तर तो गेलाच नाही, तुमचा माणूस दुसरा.

बाजूने बोलणारे पुरावे कुठले? अमेरिकेतल्या लग्नाच्या नोंदीतली आईबापांची नावं इथे जुळतात का, अमेरिकेतला भाऊ किंवा बहीण याच आईबापांच्या पोटी नोंदलेली आहे का, आणि अमेरिकेतले ते साक्षीदार, शेजारी यांची आडनावं याच वहीत दिसतात का. हे तिसरं जुळलं की माझा तरी विश्वास बसतो. नुसत्या नावा-सालावर कधीही बसवू नका.

सापडलेल्या प्रत्येक नोंदीबरोबर धर्मग्राम, वहीचं नाव आणि वर्षं, पान, अनुक्रमांक आणि साइटवरचा चित्र-क्रमांक लिहून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट सहा महिन्यांनी बिनकामाचा होतो.

पत्र लिहायचं झालं तर

वही नेटवर नसेल तर लिहावं लागतं. खेड्यातल्या चर्च कचेरीत आठवड्यातून काही तासच माणूस असतो, आणि जुन्या वह्या पुष्कळदा प्रांतिक चर्चच्या मध्यवर्ती अभिलेखागारात गेलेल्या असतात. पत्र जर्मनमध्ये, आठ-दहा ओळींचं, एकच प्रश्न विचारणारं: अमुक नाव, अमुक साल, अमुक पंथ, बाप्तिस्म्याची नोंद मिळेल का, खर्च किती येईल. घराण्याचा सगळा इतिहास लिहिलेलं पत्र बाजूला ठेवलं जातं. १८७६नंतरच्या सरकारी नोंदी हव्या असतील तर जन्माला ११०, लग्नाला ८० आणि मृत्यूला ३० वर्षं उलटल्यावर त्या सर्वांना खुल्या होतात. त्याआधी थेट वंशज असल्याचा पुरावा जोडावा लागतो.

लिहिण्याआधी त्या गावाचं 'ओर्ट्सफामिलिएनबुख' निघालंय का ते पाहा. गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा हौशी माणसाने वर्षानुवर्षं खपून सगळ्या चर्च-वह्यांतून कुटुंबं जुळवून केलेलं हे पुस्तक असतं, आपल्या कुलवृत्तांतासारखं, पण एका कुळाऐवजी अख्ख्या गावाचं. काही काँपगेनच्या साइटवर फुकट आहेत. असं पुस्तक मिळालं की अनेक पिढ्या एका बैठकीत उलगडतात. तरीही मुख्य नोंदी मूळ वहीत ताडून पाहा.

मागे जाता येतं किती? नशीब चांगलं असेल तर सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत. पण तीस वर्षांच्या युद्धात, १६१८ ते १६४८, गावंच्या गावं जळाली आणि त्यांच्याबरोबर वह्याही. बहुतेकांची वाट १६५०च्या आसपास संपते.

आणि सुट्टीत मुलांना घेऊन गावी जायचा बेत असेल तर पणजोबांच्या बापाचं थडगं शोधायला जाऊ नका. जर्मनीत थडग्याची जागा साधारण वीस-तीस वर्षांच्या कराराने मिळते, मग ती दुसऱ्याला. त्याऐवजी चर्चजवळचं युद्धस्मारक पाहा, पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या यादीत तुमचं आडनाव असण्याचा संभव बराच. गावाची स्थानिक इतिहास मंडळी असतात, 'हाइमाटफेराइन' म्हणतात त्यांना. महिनाभर आधी ईमेल करा, सोबत तुमच्याकडची वंशावळ जोडा. अमेरिकेला गेलेल्यांचं पुढे काय झालं, हे त्यांनाही हवंच असतं.